माझं काय, मी थांबते

३ मार्च, मंगळवार

या वेळी मी लेकीच्या घरी असायला हवं होतं. त्याऐवजी विमानतळाजवळच्या हॉटेलात, दोन माणसांच्या पलंगाच्या एका कडेला बसून हे लिहितेय. खिडकी उघडत नाही. बाहेर गाड्या उभ्या करायचं मैदान आहे, त्याच्या पलीकडे एक विमान उभं आहे. ते माझं नव्हे, माझं केव्हाच गेलं.

झालं ते असं. विमानात जागा होत्या त्याहून तिकिटं जास्त विकली होती. ही चूक नव्हे, ही त्यांची रीतच आहे म्हणे. दर खेपेला चारदोन माणसं येत नाहीत, म्हणून चारदोन तिकिटं जास्तीची विकायची. आज मेली सगळी माणसं आली. दारापाशी निळ्या कोटातली एक मुलगी होती, तिने माइकवर विचारलं, कोणी आपणहून मागे राहायला तयार आहे का? उद्या सकाळच्या विमानात जागा देऊ, हॉटेल देऊ, जेवण देऊ, वर थोडे पैसेही देऊ. ऐकल्याबरोबर सगळ्यांनी माना खाली घालून आपापले फोन बघायला सुरुवात केली. तिने पुन्हा विचारलं. त्यानंतर विचारलं तेव्हा तिचा आवाज रडवेला झाला होता. माझ्या शेजारी एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती, तिला अजून बसायचा नंबरच मिळाला नव्हता. असं काही समोर चालू असताना मला गप्प बसवत नाही. मी उठून त्या मुलीपाशी गेले, दोन शब्द बोलले, आपण बोलतो तसं. आणि तिने मलाच मागे ठेवलं!

"थँक यू आजी, थँक यू" म्हणत तिने टकाटक बटणं दाबली आणि हॉटेलची चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. "अहो, तुम्ही कशाला, या वयात" असं एकदा तरी म्हणावं की नाही? त्यावर काय बोलायचं ते मी तोंडात तयार ठेवलं होतं. ते तोंडातच राहिलं. माझी बॅग मात्र विमानातून उतरवून आणून दिली, तेवढं बरं केलं.

लेकीला फोन केला. परवा तिचं ऑपरेशन आहे, पित्ताशयातले खडे. मी तिच्या उशाशी बसायचं आणि चिमणीची शाळा, डबा, वेण्या बघायच्या, असं ठरलं होतं. चिमणी म्हणजे नात, सहा वर्षांची. आधी मी नकोच म्हणत होते. तुमचं घर लहान, त्यात माझी भर कशाला, विहीणबाई आहेत की जवळ, त्या येतील. लेकीने काही ऐकलं नाही, तिकीट काढून मोकळी झाली. आता तिला म्हटलं, "अगं, मला विमानातून काढलं या लोकांनी."

ती म्हणाली, "हो, त्यांचा फोन आला होता मला. तिकिटावर माझा नंबर आहे ना."

"मग कळलंच असेल तुला, कशी माणसं आहेत ती."

"हो. कळलं."

आवाज फार थकलेला वाटला. परवाची धास्ती असणार. मी म्हटलं, उद्या सकाळी येतेच. तर म्हणाली, "राहू दे, आई. सासूबाईंना बोलावलंय मी. तू घरी जा, आराम कर."

बरं म्हणाले. काय म्हणणार? नको म्हटलं तरी जाऊन बसायचं, असला स्वभाव नाही माझा.

खाली जेवण फुकट आहे. चिठ्ठी दाखवली की देतात. जेवणघरात माझ्यासारखे मागे राहिलेले आणखी दोघे होते, नवराबायको. त्यांनी टेबलाकडे बोलावलं, मी "तुम्ही बसा निवांत" म्हणाले आणि ते निवांत बसले.

४ मार्च, बुधवार

सकाळच्या विमानात माझं नाव होतं. गेले नाही, बसने घरी आले. दूध दोन आठवडे बंद केलं होतं, कुंड्या शेजारच्या जिन्यात नेऊन ठेवल्या होत्या, फ्रिज पुसून उघडा ठेवला होता. माणूस गेल्यावर घर जसं आवरतात तसं मीच माझं घर आवरून गेले होते. कुंड्या परत आणल्या. बॅग उघडली नाही, उद्या बघू.

५ मार्च, गुरुवार

ऑपरेशन सकाळी होतं. फोन हातात घेऊन बसले होते, न्हाणीघरातसुद्धा बरोबर नेला. दुपार टळून गेल्यावर जावयांचा फोन आला. "झालं, आई. ठीक आहे." मागे खूप आवाज होता. मला विचारायचं होतं, शुद्धीवर आली का, काही बोलली का, माझं नाव काढलं का. मी म्हटलं, "माझ्यासाठी कशाला फोन करत बसलात, तुम्ही तुमचं बघा." ते म्हणाले, "बरं, मग ठेवतो." आणि ठेवला.

हे असते तर असं झालं नसतं. मी नको म्हटलं की ते पुन्हा विचारायचे, पुन्हा नको म्हटलं की पुन्हा. मला चहा हवा असेल तर त्यांना तीनदा तरी विचारावं लागायचं. "तुझ्या होकाराला जिना आहे, चढून यावं लागतं" म्हणायचे. आता कोणी एक पायरीसुद्धा चढत नाही. फार एकटं वाटतंय आज.

८ मार्च, रविवार

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई जिन्यात भेटल्या. मला बघून त्यांचे डोळेच मोठे झाले. "अहो, तुम्ही गेला होतात ना लेकीकडे?" मग सगळी कथा सांगितली. वकीलबाईंना कथा आवडली. नाकावर चष्मा चढवून त्यांनी मला पायरीवरच बसवलं आणि वर्ग घेतला.

त्यांचं म्हणणं असं. तिकीट जास्त विकणं त्यांना चालतं, पण मग जागा देता आली नाही तर त्याला नियम आहेत. आधी विचारायचं, कोण खुशीने राहतं. जो खुशीने राहील त्याच्याशी जे ठरेल तेवढंच त्याला मिळतं. कोणीच तयार नसेल तर मग ते कोणाला तरी नाकारू शकतात, पण ज्याला त्याच्या मनाविरुद्ध नाकारलं त्याला पुढचं विमान, राहणं, जेवण हे सगळं तर द्यायचंच, वर भरपाई द्यायची, आणि ती चांगली घसघशीत असते. शिवाय का नाकारलं ते लेखी सांगायचं. "तुम्हाला लेखी दिलं?" छे. "भरपाई दिली?" छे. एक पाकीट दिलं होतं, ते मी हॉटेलच्या टेबलावर तसंच ठेवून आले. असले पैसे मी घेत नाही.

"तुम्ही आपणहून तर उठला नव्हतात ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"छे हो," मी म्हणाले.

म्हणाले खरी. पण ते काय आपणहून उठणं झालं? बसमध्ये आपण कोणासाठी उठतो, तेव्हा तो माणूस "नको नको, बसा तुम्ही" म्हणतो, मग आपण बसतो. उठणं म्हणजे तेवढंच असतं. त्या मुलीला कोणी घरी शिकवलं नाही त्याला मी काय करणार? वकीलबाई म्हणाल्या, "सोडू नका त्यांना." कोणीतरी मला काहीतरी सोडू नका म्हणालं, बरं वाटलं.

११ मार्च, बुधवार

तक्रार दिली. वकीलबाईंनी लिहून दिली, मी सही केली. आणि आज त्यांच्या कचेरीतून फोन! एक पुरुष, पन्नाशीचा असावा, दर दोन वाक्यांनंतर खोकतो. मी त्यांचं नाव खोकलेसाहेब ठेवलंय, मनातल्या मनात. बोलायला अगदी सभ्य. "मॅडम, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आधी माफी मागतो." आधी माफी! माझ्याशी असं कोण बोलतं हल्ली? त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. कुठे बसला होतात, मुलगी काय म्हणाली, जेवलात का, झोप लागली का. झोप लागली का हे विमान कंपनीने विचारलं.

मी सांगत गेले. ते "हं, हं" करत होते. एका ठिकाणी मी जरा थांबले, तर म्हणाले, "घाई नाही मॅडम, पाणी प्या." मी खरंच उठून पाणी प्यायले, ते तोवर थांबले होते.

पुढच्या आठवड्यात परत फोन करतो म्हणाले.

१६ मार्च, सोमवार

आज लेकीशी बोलणं झालं. म्हणजे मीच केला फोन. बरी आहे म्हणाली. घरी आलीस का विचारलं तर म्हणाली, कालच आले. मी म्हटलं, "काल? अगं, दोन दिवसांत सोडतात ना या ऑपरेशनला?" मग हळूहळू बाहेर आलं. लहान भोकांतून करायचं होतं ते जमलं नाही, पोट उघडावं लागलं. नंतर ताप आला, टाक्यात पू झाला. दहा दिवस तिथेच होती. मला कोणी बोललं नाही!

"मला कळवायचं नाहीस?" मी जरा मोठ्यानेच म्हणाले.

"तुलाच कशाला त्रास," ती म्हणाली. "तुझं तिकडे चाललंय ना विमानवाल्यांशी."

तरी मी म्हटलं, विहीणबाई करताहेत ना सगळं नीट? करताहेत म्हणाली. चिमणीला फोन दे म्हटलं, तर ती खेळत होती, आली नाही.

दुपारभर नुसती बसून होते. दवाखान्याची आठवण येत राहिली, दातांच्या. एकवीस वर्षं मी तिथे दाराशी बसून रोग्यांना वेळा दिल्या. विमानवाले काय मला शहाणपण शिकवणार, मीसुद्धा दहाच्या वेळेला दोघांना बोलवायची. दातांच्या दवाखान्यात न येणारे फार. आणि दोघंही आले की? एखादा आरडाओरडा करणारा असायचा, त्याला आधी आत सोडायचं. दुसरा म्हणायचा, "असू दे बाई, त्यांना घ्या, मला काही घाई नाही." त्याचा गाल टम्म सुजलेला दिसत असायचा. तरी घाई नाही म्हणतोय ना, मग बस म्हणायचं. मी त्याचं म्हणणं खरं धरायची, कारण ते सोयीचं होतं. डॉक्टर म्हणायचे, तुमच्यासारखी माणसं हाताळणारी बाई बघितली नाही.

१९ मार्च, गुरुवार

खोकलेसाहेबांचा फोन. आज खोकला जास्त होता. मी लवंग तोंडात धरा म्हटलं, ते हसले. म्हणाले, कंपनी तुम्हाला कुठल्याही दिवसाचं तिकीट द्यायला तयार आहे, अगदी उद्याचंसुद्धा, शिवाय काही रक्कम. एवढ्यावर प्रकरण मिटवू या का?

मी नाही म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे म्हटलं. हा शब्द वकीलबाईंचा.

"पण मॅडम, तुम्हाला मुलीकडे जायचं होतं ना? तिकीट घेऊन जाऊन या की. तक्रार चालू राहील."

जाऊन या की, हे इतकं सरळ कोणी म्हणालं नव्हतं. मी म्हटलं, आधी निकाल लागू दे. ते म्हणाले, मग त्या दिवशी दाराशी कोण होतं ते शोधून त्यांचं म्हणणं घ्यावं लागेल, पुढच्या शुक्रवारी सकाळी फोनवर तिघं बोलू. चालेल म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आज दिवसभरात मी त्यांच्याशीच काय ती बोलले.

आणि निकाल लागला की त्यांचे फोन बंद होणार, हेही लक्षात आलं. असं मनात यावं याची मला लाज वाटली.

२२ मार्च, रविवार

बॅग अजून तशीच आहे, दारामागे. आज तिच्यातून चिमणीसाठी घेतलेली चित्रांची वही काढून बघितली आणि परत ठेवली.

लेकीला फोन करायचा होता. तिला वेळ असेल का, विहीणबाई जवळ असतील का, झोपली असेल का, असं करत करत राहिलं. तीही करत नाही. आधी रविवारी तीच करायची. विमानतळावरून बोलले तेव्हापासून तिचा आवाज असा येतो, जसा दवाखान्यात बिल मागणाऱ्या माणसाशी मी काढायची. माझं काय चुकलं ते तरी सांगावं. विमान मी थोडंच चालवत होते!

२७ मार्च, शुक्रवार

आज फोन झाला. सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीने आठवेन.

खोकलेसाहेब, मी आणि ती निळ्या कोटाची मुलगी. तिचा आवाज ऐकून मला तिचा चेहरा आठवला, टोकाला लाल झालेलं नाक. ती म्हणाली, "आजी, ओळखलंत का? मी तुम्हाला विसरले नाही."

साहेबांनी विचारलं, त्या दिवशी काय झालं ते सांगा. ती सांगायला लागली. नोकरीत नवीन होती, माणसं जास्त झालेली पहिल्यांदाच तिच्या वाट्याला आली होती, कोणी हात वर करेना. "तेव्हा या आजी आपणहून आल्या. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, मी थांबते गं, माझं काय. माझी कोण वाट बघतंय. मी विचारलं, नक्की ना आजी? तर म्हणाल्या, नक्की नक्की, तू त्या पोरवाल्या बाईला बसव."

मी फोन घट्ट धरून ऐकत होते.

"मला इतकं बरं वाटलं," मुलगी म्हणाली. "दिवसभर सगळे माझ्यावर ओरडत होते. तिकिटावर यांच्या मुलीचा नंबर होता, नवीन विमानाची वेळ कळवायची असते, तर मी त्यांना मुद्दाम सांगितलं, तुमच्या आई फार चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या माझी कोणी वाट बघत नाहीये, मी थांबते, आणि एका लहान मुलाच्या आईला जागा दिली."

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

तिने परत सांगितलं. तसंच, शब्दाला शब्द.

त्यानंतर साहेब काहीतरी बोलत होते. मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "मॅडम, तुम्ही असं म्हणाला होतात?"

वकीलबाईंनी मला पढवून ठेवलं होतं. आठवत नाही म्हणायचं. लेखी काही नाही, त्या पोरीचा शब्द आणि तुमचा शब्द. पण पोरगी पलीकडे श्वास रोखून होती. तिला वाटत असणार, आता ही बाई माझी नोकरी खाणार. आणि मी म्हणाले होते. माझी कोण वाट बघतंय, हे मी कायम म्हणते. बसच्या रांगेत म्हणते, डॉक्टरांकडे म्हणते. कोणीतरी म्हणावं, असं कसं आजी, असेल की कोणीतरी. तेवढ्यासाठी म्हणते. त्या दिवशी तर खरंच कोणीतरी होतं.

"हो," मी म्हटलं. "मी म्हणाले. आपणहून थांबले. हिची काही चूक नाही."

मुलगी रडली बहुतेक. साहेबांनी घसा साफ केला. "मग तक्रार बंद करावी लागेल, मॅडम." करा म्हटलं. ते लगेच ठेवत नव्हते. म्हणाले, "ते कुठल्याही दिवसाच्या तिकिटाचंही आता माझ्या हातात राहिलं नाही." मी म्हटलं, "असू दे, तुम्ही आधी तो खोकला दाखवा कोणाला तरी." बघतो म्हणाले. मग ठेवला.

त्या दिवशी फोनवर लेकीने विचारलं असतं, आई, तू खरंच असं म्हणालीस का, तर मी काय सांगितलं असतं? नाही म्हटलं असतं. तिने विचारलंसुद्धा नाही, तरी मी आपणहून खोटं बोलले.

२८ मार्च, शनिवार

सकाळी लेकीला फोन लावला. काय करतेस, जेवलीस का, असं काहीच विचारलं नाही. थेट म्हणाले, "मला कोणी काढलं नव्हतं. मी उठले होते."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. तू तक्रारच करत बसलीस."

मी म्हटलं, मी नुसतं म्हणाले गं तसं, बोलायची पद्धत असते माझी, तुला माहीत आहे. त्या पोरीने खरं धरलं. मग म्हटलं, "आणि दुसऱ्या दिवशी मी येतच होते, तूच राहू दे म्हणालीस."

तेव्हा तिचा बांध फुटला. ती लहानपणीसुद्धा माझ्यावर कधी ओरडली नव्हती.

"राहू दे म्हणाले मी! मग? तू जन्मभर नको म्हणालीस, आम्ही ऐकलं का कधी? बाबांनी ऐकलं? मी तुझं तिकीट काढलं तेव्हा तू काय म्हणत होतीस? मी एकदा नको म्हणाले, आई, एकदाच. आणि तू ऐकलंस."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आत नेत होते तेव्हा मी ह्यांना सांगत होते, खाली बघून या, ती आली असेल. मी नको म्हटलं तरी ती येणार. ते दोनदा जाऊन आले. भूल द्यायला लागले तरी मी विचारत होते. माझी कोण वाट बघतंय म्हणे! मी बघत होते ना!"

ती रडत होती. पोटाला टाके आहेत, रडू नकोस म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण म्हणाले नाही. रडू दिलं. मीही रडले. कितीतरी वेळ दोघींपैकी कोणी फोन ठेवला नाही.

शेवटी मी विचारलं, "मी येऊ का?"

"मला विचारू नकोस," ती म्हणाली आणि तिने ठेवला.

मी फोनकडे बघत बसले. ये म्हणाली नाही. नको म्हणाली असंही नाही. पंधरा दिवसांपूर्वीची मी असते तर म्हटलं असतं, बघा, साधं ये म्हणवत नाही लेकीला. वकीलबाईंकडे वर जाऊन सांगून आले असते. आणि ती कदाचित खरंच रागावली असेल, खरंच मी तिला नको असेन. तसंही असू शकतं. मला भीती वाटतेय. तिने दारातून परत पाठवलं तर मी ती वाट परत कशी चालायची?

दूध बंद करायला सांगून आले. कुंड्या जिन्यात ठेवल्या. तिकीट वकीलबाईंनी त्यांच्या फोनवरून काढून दिलं, सोमवार सकाळचं. खाली नंबर माझा दिला.

३० मार्च, सोमवार

हे चिमणीच्या टेबलावर बसून लिहितेय. खुर्ची इतकी लहान आहे की गुडघे हनुवटीला लागताहेत.

विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. आलं, बसले, उतरले. मी येतेय हे कोणाला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर ती काहीतरी म्हणाली असती, मग मी काहीतरी म्हणाले असते, आणि आम्ही दोघी परत तिथेच.

घंटी वाजवल्यावर आत बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग चपला घासत चालल्याचा आवाज आला. म्हातारं माणूस येतंय असं वाटलं, म्हटलं विहीणबाई असतील. दार उघडलं तर लेक होती. किती वाळलीय! एक हात पोटावर दाबून धरलेला, केस तेलाविना पिंजारलेले. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या बॅगेकडे बघितलं.

ये म्हणाली नाही. हसली नाही. तशीच वळली आणि भिंतीला हात लावत लावत आत चालायला लागली.

मी बाहेर उभी. अशा वेळी मी बोलायची वाक्यं मला पाठ आहेत. अवेळी आले का, तुला झोपायचं असेल, मी हॉटेलात उतरते, मला काय, कुठेही चालतं. सगळी एकदम ओठांवर आली. लेक सात-आठ पावलं जाऊन थांबली होती, पाठमोरीच. मागे वळून बघत नव्हती, पण पुढेही जात नव्हती.

मी काही बोलले नाही. चपला काढल्या, बॅग उचलली, आत गेले आणि दार लावून घेतलं.